कोण कोणाला काय म्हणालं

सुमनताई कारखानीसांना तुम्ही काहीही सांगा, त्या आधी चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि म्हणायच्या, "थांब, थांब. कोण कोणाला काय म्हणालं?"

मंडळात भांडण झालं तरी हेच, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तरी हेच. एकदा ब्रेकवाल्या गोखल्यांची गाडी बर्फावर घसरून शेजाऱ्याच्या टपालपेटीवर गेली. त्यात कोण कोणाला काय म्हणणार? पण ताई म्हणाल्या, "पायाने ब्रेकला सांगितलं, ब्रेकने चाकाला सांगितलं, चाकाने ऐकलं नाही. आता यात चूक कुणाची?" गोखले बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. त्या गाडीच्या ब्रेकवर त्यांनी स्वतः काम केलेलं होतं.

हे ऐंशीच्या दशकातलं, नोव्हायच्या आसपासचं सांगतोय. डेट्रॉइटच्या त्या बाजूला आमची जी मराठी माणसं होती ती बहुतेक मोटारींच्या कंपन्यांत इंजिनियर. पण अख्खी मोटार कुणीच करत नसे. एक जण ब्रेक करायचा, दुसरा बंपर, तिसरा नुसती काच खाली-वर करायची मूठ. त्यात गोखले तीन, त्यामुळे माणसं भागावरून ओळखायची पद्धत पडली होती. सुमनताईंचे यजमान वायपरवाले. ते फारसं बोलत नसत. बायको बोलत असली की मान डावीकडून उजवीकडे न्यायचे आणि परत आणायचे. ताई मात्र कुठल्याच भागाच्या नव्हत्या. त्या युनिव्हर्सिटीत संशोधन करायच्या. कुणी विचारलं काय करता, तर सांगायच्या, "शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ते मी चोरून ऐकते."

लोकांनी यातलं फक्त 'डॉक्टर' एवढंच ऐकलेलं. जेवताना पंगतीत कुणीतरी हमखास खोकून दाखवायचं. ताई शांतपणे म्हणायच्या, "मी माणसांची डॉक्टर नाही हो. तुमच्या पेशी बशीत काढून द्या, मग सांगते."

मी या सगळ्यांत कुठे बसत नव्हतो. मी बार्शीचा. आठवीत शाळा सुटली आणि मामांच्या दुकानात काजं करायला बसलो. थोरल्या बहिणीने, अक्काने, कागद करून मला बोलावून घेतलं आणि तिच्याच तळघरात माझी खाट पडली. मिसेस आयरीन नावाच्या एका ग्रीक बाईंच्या लाँड्रीत मी कपडे कमीजास्त करून द्यायचो. मला सगळ्याची भीती वाटायची. सरकत्या जिन्याची, पोलिसांच्या गाडीची, फोनवर इंग्रजी बोलणाऱ्याची. आणि दुसऱ्या वर्षापासून स्वतःच्या बोटांची.

सकाळी बोटं मिटायचीच नाहीत. सांधे गरम, सुजलेले, जणू रात्रभर कुणी मुठीत निखारा धरायला लावला होता. पुढे एक गुडघाही सुजला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्काच्या घरात आधीच पाहुण्यासारखा राहत होतो, त्यात आजारी पाहुणा कोण ठेवील? आणि शिंप्याला बोटांशिवाय असतं काय!

सुमनताई दुकानात आल्या त्या पांढऱ्या कोटांचा गठ्ठा घेऊन. "याचे खिसे खोल कर रे. वाकले की पेनं पडतात, आणि पेनाबरोबर विचार पडतात."

मी सुई घेतली. दोरा काही ओवला जाईना. म्हटलं, "ताई, उजेड कमी आहे. जरा ओवून देता?"

बाहेर दुपारचं ऊन बर्फावर पडून दुकानात असा लखलखाट झाला होता की आयरीनबाईंनी काळा चष्मा लावला होता. ताईंनी सुई ओवून दिली. मग चष्मा कपाळावर गेला.

"शर्टाची बटणं सकाळी कोण लावतं?"

"भाची लावते," मी म्हटलं. "पण आयरीनबाईंना सांगू नका, ताई. पाया पडतो."

"मी कशाला सांगू? मला तरी तू कुठे सांगितलंस? तुझ्या बोटांनी सांगितलं."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला हॉस्पिटलात नेलं. दुभाषी म्हणून त्या सोबत, म्हणजे त्यांनीच ठरवलेल्या. सांध्यांचे डॉक्टर एक भले गृहस्थ होते. ते बराच वेळ, अगदी कळकळीने बोलले. ताईंनी भाषांतर केलं, "म्हणतो, बघू."

"एवढंच?"

"बाकीचं मला माहीत होतं."

मग मी काही विचारायच्या आत त्यांचं आणि डॉक्टरांचंच जुंपलं. हातवारे, कागदावर बाण, पुन्हा हातवारे. मी उघड्या अंगाने टेबलावर बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो. तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्या सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी सुईने काढलं आणि ते टाकायला वळले. ताई ओरडल्या. अमेरिकन माणूस घाबरला तर किती घाबरतो ते मी तेव्हा पाहिलं. ताईंनी पायाशी ठेवलेली सहलीची बर्फपेटी उघडली. "सही करतोस का रे? हे पाणी मला हवंय. तुला याचा उपयोग नाही, मला आहे."

मी सही केली. माझ्या अंगातलं काहीतरी कुणाला उपयोगी पडतंय, हे त्या देशात पहिल्यांदाच घडत होतं.

ताईंकडे अशा दोन सारख्या पेट्या होत्या. एकीवर ठळक लिहिलेलं 'श्रीखंड', दुसरीवर 'श्रीखंड नाही'. मंडळाच्या सहलीला ताई आल्या की लोक दोनदा वाचून मगच झाकण उघडत.

दोनच दिवसांनी दुकानात फोन आला. "दत्ता! अरे तुझ्या गुडघ्यात भरपूर आहे! अप्रतिम!" भाचा बोर्डात आल्यासारखा आवाज.

"काय आहे, ताई?"

"इंटरल्युकिन!"

"ते चांगलं का?"

"तुला वाईट. पण काय सुंदर मिळालंय!"

ताई दुकानात आल्यावर मी हात जोडून विचारलं, "ताई, मला नीट सांगा. कुठला जंतू आहे?"

"जंतू नाही."

"मग आतली फौज मारतेय कुणाला?"

"फौज म्हणू नकोस!" ताईंना या शब्दाचा मनस्वी राग. "शत्रू, सैनिक, किल्ला, काही म्हणू नकोस. ती एक गल्ली आहे. शेजारणी आहेत. खिडकीतून एकमेकींना हाका मारतात. त्या हाका म्हणजे हे रेणू, तुझं इंटरल्युकिन त्यातलंच." आणि त्यांनी माझा खडू उचलला. समोर जी पँट होती तिच्यावर त्या गोल, बाण, पुन्हा गोल काढत सुटल्या. या रेणूला म्हणे एका प्रयोगशाळेने एक नाव दिलं होतं, दुसरीने दुसरं. कुणाला तो ताप आणताना दिसला, कुणाला पेशी जाग्या करताना. माहेरचं नाव एक, सासरचं एक, लाडाचं तिसरं, आणि मुलगी एकच. बऱ्याच वर्षांनी सगळ्यांच्या लक्षात आलं.

आयरीनबाई मागे येऊन उभ्या होत्या. "डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "दॅट इज द जज'स पँट."

मी घासघासून झटकली. तरी एक बाण डाव्या गुडघ्यावर पुसट राहिलाच. न्यायाधीश इंटरल्युकिन घालून कोर्टात गेले. मला मात्र काही कळलं नव्हतं. भीती होती तिथेच होती.

उपचार म्हणून डॉक्टरांनी सोन्याचं इंजेक्शन सुरू केलं. त्या काळी या दुखण्यावर खरंच द्यायचे. आईला ट्रंककॉलवर सांगितलं तर तिने ते दोनदा वदवून घेतलं. मग आई म्हणाली, "अरे, सोनं अंगावर घाल की. अंगात कशाला?" बार्शीत बातमी पसरली की दत्ताचं अमेरिकेत इतकं छान चाललंय की तो सोनं टोचून घेतो. दोन स्थळं सांगून आली. इकडे माझ्या अंगावर पुरळ उठलं, खाज सुटली आणि सोनं बंद झालं. स्थळांना काय कळवायचं ते आईने बघितलं.

आयरीनबाईंना एव्हाना दिसलंच होतं. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, हातशिलाईची कामं मी थोडे दिवस बाजूला ठेवते, वसंत येईपर्यंत बघू. वसंत येईपर्यंत म्हणजे काय ते मला कळलं. त्यानंतर तिथे दुसरा शिंपी बसेल. मी तळघरात छताकडे बघत पडायचो आणि बार्शीला परत जाऊन बोटं न हलणाऱ्या शिंप्याने काय करायचं याचा विचार करायचो. आई म्हणत होती शनी आहे. मला वाटत होतं माझंच काहीतरी पाप.

त्याच वर्षी गणपतीत पोळ्यांचं प्रकरण घडलं.

मंडळाचा गणपती शाळेच्या व्यायामशाळेत बसायचा. निरोप पोचवायला अध्यक्षांनी, म्हणजे ब्रेकवाल्या गोखल्यांनी, फोनची साखळी आखली होती. प्रत्येक घराने पुढच्या दोन घरांना फोन करायचा आणि शेवटच्या घराने अध्यक्षांच्या घरी उलट फोन करून तोच निरोप वाचून दाखवायचा, म्हणजे काही गाळलं गेलं नाही ना ते कळेल. कागदावर उत्तम. त्या वर्षी गोखलेकाकूंना वाटलं पुरणपोळ्या कमी पडतील. त्यांनी निरोप सोडला, 'प्रत्येकाने थोड्या पोळ्या जास्त आणाव्यात.' निरोप फिरला. शेवटच्या घरातून गोखल्यांकडे फोन आला तेव्हा काकू पुरण वाटत होत्या, गोखले ऑफिसात, आणि फोन उचलला पुण्याहून नुकत्या आलेल्या त्यांच्या आईने. आजींनी ऐकलं, 'थोड्या पोळ्या जास्त आणाव्यात.' आजी अतिशय जबाबदार बाई. भिंतीवर साखळीचा कागद होता. त्यांनी वरून सुरुवात करून दोन घरांना कळवलं.

परत फिरला. परत शेवटचा फोन आजींनीच घेतला.

आता हे कुणालाही थांबवता आलं असतं. पण गणपतीच्या कामाला 'किती वेळा सांगताय' असं कोण म्हणणार? प्रत्येकीला वाटलं, मागच्या खेपेला आपल्याच कमी दिसल्या असतील. अक्का तर चिडून आणखी कणीक भिजवायला बसली. "आम्ही काय चिकटपणा केला होता की काय!"

आरतीच्या दिवशी बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलांवर पुरणपोळ्यांचे डोंगर. डब्यांत, ट्रेमध्ये, उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात. पोळ्यांच्या नादात वरणभात कुणीच आणला नव्हता. भाजी तर नाहीच. मुलं म्हणत होती, "मॉम, इज देअर एनी रिअल फूड?" शाळेचा झाडूवाला दोन खोकी घेऊन गेला. गोखले घामाघूम. बायका एकमेकींकडे संशयाने बघत होत्या.

सुमनताई मधोमध उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर. "थांबा. कोण कोणाला काय म्हणालं?" आणि घराघराचा जबाब घेत त्या शेवटी आजींपर्यंत पोचल्या. आजी कावऱ्याबावऱ्या झाल्या. ताईंनी त्यांना मिठीच मारली. "आजी, अहो, मी पेशीत हेच शोधतेय इतकी वर्षं!"

मग मला दंडाला धरून त्यांनी पायऱ्यांवर नेऊन बसवलं.

"यात वाईट कोण आहे सांग."

"कुणीच नाही."

"आजी?"

"आजी तर फारच चांगल्या."

"फोन बरोबर, माणसं बरोबर, पोळ्यासुद्धा बरोबर. मग झालं काय? पुरे म्हणणारा फोन कुणी केलाच नाही. तुझ्या सांध्यात हेच आहे, दत्ता. कधीतरी एका पेशीने हाक मारली, या, काहीतरी झालंय. ज्या धावून आल्या त्यांनी तीच हाक पुढे मारली. ती फिरून पहिलीकडे आली, तिने पुन्हा मारली. आता मूळचं कारण कधीच संपलंय. पण आलेल्या पाहुण्या रिकाम्या हाताने बसत नाहीत ना! सांधा कुरतडतात. आपल्याच घराचा."

पायऱ्यांवर बसून मी माझ्या बोटांकडे बघितलं. शनी नव्हता, पाप नव्हतं. बोटं वाईट नव्हती. त्यांना नुसते फोन येत होते. इतक्या महिन्यांत त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. अर्थात पोळ्याच.

"मग पुरे म्हणणारं आत कुणी नाहीच का, ताई?"

"असणार. नाहीतर माणसाचा साधा ताप तरी उतरला असता का? तेच शोधतायत सगळे. मीही."

"बरी होतील का बोटं?"

त्या खोटं बोलत नसत. "मुळावर औषध नाही अजून. गलका कमी करता येतो. तेवढं करू."

गलका कमी करायच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या होत्या, आणि मधूनमधून रक्त तपासायचं. गोळीच्या दिवशी मला मळमळायचं. ताई संध्याकाळी फोन करून विचारायच्या, "काय म्हणतायत शेजारणी?" मी म्हणायचो, "कुजबुजतायत." पलीकडे वायपरवाल्या काकांची मान हलत असणार.

हा पुरे म्हणणारा रेणू तापातून उठणाऱ्या माणसाच्या लघवीत सापडेल असा लोकांचा कयास होता. त्या हिवाळ्यात फ्लूची साथ आली आणि ताईंना आनंदाचं भरतं आलं. युनिव्हर्सिटीची परवानगी काढून त्यांनी मंडळाच्याच साखळीवर निरोप सोडला. या वेळी आजींना फोनपासून लांब बसवलं होतं. ज्यांना ताप आलाय त्यांनी, आणि फक्त त्यांनीच, स्वच्छ बरणीत नमुना आणून द्यावा.

रविवारी ताईंच्या गराजसमोर गाड्यांची रांग. पीनट बटरच्या बरण्या, लोणच्याच्या बरण्या, एकीला तर हळदीकुंकवाला देतात तशी लाल फीत. काका मुकाट्याने फळीवर ओळीने मांडत होते. मीही मदतीला होतो. माझी भाची गाडीतूनच ओरडली, "मामा, दिस इज सो ग्रोस!"

तिसऱ्या-चौथ्या माणसाला ताईंनी विचारलं, "ताप किती होता?"

"ताप नाही आला आमच्याकडे."

"मग?"

"सगळे नेतायत. म्हटलं, रिकाम्या हाताने कसं यायचं?"

तापाची माणसं मोजकीच होती. बाकीचे सगळे धडधाकट, शिष्टाचाराला जागून आलेले. आजींनीही पाठवली होती, वर रुमाल बांधून. ताई आधी कपाळाला हात लावून बसल्या, मग हसत सुटल्या, इतक्या की चष्मा कपाळावरून बर्फात पडला. "असू दे. तुलनेला निरोगी माणसंही लागतातच. एवढी तर देशात कुणाकडे नसतील!"

सापडला तो रेणू. पण दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या ठिकाणी. ताईंच्या हातात त्याची नुसती सावली आली होती. बातमी कळली त्या दिवशी त्यांनी सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले. "कुणाला का सापडेना, पुरे म्हणणारा आहे! आहे रे आत!" दुकानातही पेढे घेऊन आल्या. आयरीनबाईंनी दोन खाल्ले. मग ताईंनी पिशवीतून पांढरा कोट काढला.

"काय करायचंय, ताई?"

"बघ जरा. कुठे उसवलंय का."

मी उलटापालटा करून पाहिला. "कुठेच नाही."

"नीट बघ," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी पुन्हा पाहिला, सावकाश, शिवण न् शिवण. खिसे पुन्हा एकदा पक्के केले, मशीनवरच. उसवलेलं कोटात नव्हतं, एवढं मला कळलं. ताई कोट घेऊन गेल्या.

वसंतात कारखानीस जोडपं निघालं. पार पश्चिमेला, बेलव्ह्यूच्या बाजूला, ताईंना एका कंपनीत हेच काम मिळालं होतं. काका तिकडे काय करणार विचारलं तर म्हणाल्या, "तिकडे सारखा पाऊस असतो. वायपरवाल्याला काय कमी!"

निरोपाला सगळं मंडळ त्यांच्या दारात. मीही गेलो. कुणीच रिकाम्या हाताने आलं नव्हतं, त्यामुळे गाडीत जागा उरली नव्हती. 'श्रीखंड नाही' ही पेटी मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवलेली. आत अक्काने केलेलं श्रीखंड होतं. काकांनी इंजिन सुरू केलं. ताई बसायला वाकल्या आणि त्यांच्या कोटाचं बटण, एका दोऱ्यावर लोंबत होतं ते, माझ्या पायाशी पडलं.

शिंप्याच्या खिशात सुई-दोरा असतोच. माझ्या खिशात तोपर्यंत तो सवयीने नुसताच असायचा. दुकानात अजून मशीनचीच कामं चालू होती, आणि आयरीनबाई माझी बोटं सुटायची वाट बघत होत्या. त्याही तिथे आलेल्या होत्या, हातात बकलाव्याचा डबा.

मी सुई काढली. ताईंनी सवयीने हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू द्या."

पहिल्यांदा दोरा बाजूने गेला. दुसऱ्यांदा टोक फाटलं. मी ते ओठात धरून ओलं केलं. मंडळ गप्प झालं. मुख्य म्हणजे ताई गप्प होत्या, आणि ताईंना गप्प बसलेलं काकांनीही बहुधा पाहिलं नसावं, कारण त्यांची मान मधोमध थांबली होती. मग दोरा गेला. मी अंगावरच बटण लावलं, चार टाके, खाली दोऱ्याचे वेढे, गाठ, आणि दोरा दाताने तोडला. बोटं दुखली. पण त्यांनी ऐकलं.

ताईंनी कोट सारखा केला. बटण एकदा ओढून पाहिलं आणि गाडीत बसल्या. आयरीनबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि सोमवारी लग्नाचा एक झगा यायचा आहे, तो हातशिलाईचा, असं सांगितलं.

गाडी गल्लीच्या टोकाला पोचली आणि थांबली. आम्हाला वाटलं, काहीतरी विसरलं. काच खाली आली. ताईंचं डोकं बाहेर, चष्मा कपाळावर.

"दत्ता! सुई कुणी ओवली रे?"

त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"मी!" मी ओरडलो. त्या देशात एवढ्या मोठ्याने मी कधीच काही बोललो नव्हतो. दोन घरांची कुत्री भुंकायला लागली. गाडी वळली, आणि आकाशात ढगाचा मागमूस नसताना तिचे वायपर एकदा डावीकडून उजवीकडे गेले आणि परत आले.